हरिहरदादाचा उसना कान

मास्तर लोक घरी आले, दादाबद्दल त्यांच्या मासिकात छापायचं म्हणाले. आधी त्यांनी स्वतः केलेला मजकूर मला वाचून दाखवला. हरिहरपंत शांत होते, मनमिळाऊ होते, त्यांनी कधी कोणाला दुखवलं नाही. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही चुकून दुसऱ्या कोणाच्या घरी तर आला नाहीत ना? शांत कुठला? ह्या माणसाने मला उभा जन्म पिडलं. तुम्हालाही पिडलंय, आता मेला म्हणून गोड लिहिताय.

तर ते म्हणाले, मग धोंडूभाऊ तुम्हीच सांगा. म्हणून सांगतोय. मला लिहिणं जमत नाही. दोन यत्ता झाल्या आणि मी बैलांमागे लागलो, त्याचं मला वाईट वाटत नाही. मी बोलतो आणि हा काळुराम उतरून घेतोय. त्याला बजावलंय, माझा शब्द सुधारायचा नाही.

हरिहर माझा थोरला भाऊ. ठाण्याला शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांची कचेरी, त्यांच्या हाताखाली तो होता. लोक त्याला छोटे डिपोटी म्हणायचे. काम सगळं हिंडण्याचं. कल्याणच्या आजूबाजूच्या गावांतल्या शाळा बघायच्या, पोरांची परीक्षा घ्यायची. गणित, लिहिणं आणि वाचन. किती पोरं पास होतात त्यावर शाळेचं बरंवाईट ठरायचं, म्हणून आमचा छकडा वेशीत दिसला की मास्तरच्या अंगाला घाम फुटायचा. छकडा आमचा, बैल आमचे, हाकायला मी. दादा आत हिंदकळत बसलेला, मांडीवर पेटी, तोंडाने सारखी बडबड. रस्ता खराब म्हणून मला बोलायचा. रस्ता काय मी केलेला?

गणिताचं त्याला काही नव्हतं. उत्तर आलं तर आलं, नाही तर नाही. वाचनाने त्याचं डोकं फिरवलेलं. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला तो सूर ठाऊक आहे. पोरगं उभं राहतं, पुस्तक नाकाला लावतं आणि सुरू. पाढ्यांचा सूर तोच, कवितेचा तोच, राजा मेला तरी तोच, म्हैस व्याली तरी तोच. मध्ये श्वास संपला की तिथे थांबायचं, मग राजाचं डोकं ह्या श्वासात आणि धड पुढच्या श्वासात. अक्षर एक चुकायचं नाही, कारण सगळं पाठ. दादा सांगायचा, पुस्तक उलटं धरलेलं पोरगं पण मी पास केलंय, काय करू, नियमात चूक सापडत नाही.

एकदा टिटवाळ्याच्या बाजूला एका शाळेत परीक्षा चाललेली. मी बाहेर चिंचेखाली बैल सोडून बसलेलो. पोरगं आत ओरडत होतं, माझ्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं. दादा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, धोंड्या, काय वाचलं रे त्याने? मी म्हटलं, मला काय ठाऊक. तो म्हणाला, ऐकू आलं ना? मी म्हटलं, ऐकू सगळं आलं, पण त्यात काय होतं ते नाही कळलं. बस. माझ्या तोंडून तेवढं निघालं आणि माझं वाटोळं झालं.

त्या दिवसापासून दादाने नवीच रीत काढली. पोराने परीक्षकाकडे बघून वाचायचं नाही. धोंड्याला आत बोलवायचं, समोर बसवायचं, पोराने धोंड्याला वाचून दाखवायचं. मग दादा मला विचारणार, काय वाचलं? मला सांगता आलं तर पोरगं पास, नाही आलं तर नापास. म्हणजे मी बैल हाकायचे, बैलांना पाणी दाखवायचं, आणि वर परीक्षेला पण मीच बसायचं. तेही प्रत्येक पोरामागे. दादा म्हणायचा, तुझा कान मला उसना दे, माझा शिकून बिघडलाय. मला पुस्तक आधीच ठाऊक असतं म्हणून पोराने काही न सांगताही मला कळतं, तुला खरं कळतं.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खेड्यातले मास्तर मला भाऊसाहेब म्हणायला लागले. बैल हाकणाऱ्याला भाऊसाहेब. दादा हातपाय धुवायला गेला की मला पोह्यांची बशी, वर विडा, आणि कानात हळूच सांगायचे, भाऊसाहेब, आज व्यापाऱ्याच्या उंटाचा धडा आहे, उंट हरवतो आणि शेवटी स्वतःच परत येतो, लक्षात ठेवा. मी पोहे खायचो आणि आत जाऊन सांगायचो, दादा, मला आधीच सांगून ठेवलंय. मग दादा आणि मास्तर यांची जुंपायची आणि मी बसायचो उपाशी, कारण दुपारचं जेवण कोण देणार?

पण खरी गंमत पुढेच. पुस्तकं सगळ्या शाळांत तीच, धडे तेच. एक मोसम फिरलो तेवढ्यात मला सगळे धडे पाठ झाले. पोराने नुसतं उंट म्हटलं की मी पुढचं सगळं सांगायला तयार. दादा माझ्यावर चिडला. म्हणे, तू कान खराब करून घेतलास. मी म्हटलं, मी करून घेतला? मी कधी म्हटलं होतं मला उंट ऐकवा? तर म्हणाला, विसरून जा. असं कोणी ठरवून विसरतं का? मी रात्री झोपेत उंटाचा धडा म्हणतो असं घरात सगळे सांगायला लागले.

मग त्याने नवे कान शोधायला सुरुवात केली. रस्त्याने जो दिसेल तो. मासळीची पाटी घेऊन जाणारी बाई, ताडीवाला, गावच्या पाटलाची म्हातारी आई. धरून आणायचा, बसवायचा, पोराला सांगायचा, ह्यांना वाचून दाखव. ती माणसं घाबरून जायची, त्यांना वाटायचं सरकारने धरलं. मासळीवाली म्हणायची, साहेब, माझी मासळी नासंल. दादा म्हणायचा, एक धडा, फक्त एक धडा. मग मी तिची पाटी सावलीत ठेवून मांजरं हाकत बसायचो.

घरी पण तेच. श्रावणात शेजारी पोथी लागलेली, आळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. वाचणारे बुवा एका दमात ओढत नेत होते. दादा मध्येच म्हणाला, जरा थांबा, ह्या बाईंना विचारा आत्ता काय झालं पोथीत. ती बाई म्हणाली, मी पुण्यासाठी आलेय, कळायला नाही. बुवांनी पोथी मिटली. सगुणावहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, पुढे दोन वर्षं कोणी हळदीकुंकवाला बोलवलं नाही. त्यांनी दादाला काही म्हटलं नाही, मला म्हणाल्या, भावोजी, ह्यांना तुम्ही का आवरत नाही? ऐका आता. मी आवरू?

ह्या सगळ्याच्या तक्रारी ठाण्याला जाणारच. मास्तर लोकांनीच केल्या, तुमच्यातलेच काही. परीक्षेत मासळीवाल्या बसवतात, सरकारी कामाची थट्टा होते, असं. तेव्हा मोठे डिपोटीसाहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. आणि त्यांनी येण्यासाठी शाळा निवडली ती नेमकी सहदेव मास्तरांची.

डोंबिवलीच्या खालच्या अंगाला खाडीकाठी एक गाव आहे. नाव घेत नाही, माणसं आहेत अजून. तेव्हा तिकडे आगगाडी थांबत नव्हती, छकड्यानेच जायचं, भरतीला शेवटचा रस्ता चिखलात जायचा. गाव सगळं मिठागरावर आणि गलबतांवर राबणारं. शाळा नवी, देवळाच्या ओसरीवर भरणारी, आणि ती पण कच्च्या बोलीवर दिलेली. ह्या सालात वाचनात पास झाली तर राहील, नाही तर उठणार. उठली की पोरं परत मिठागरावर, आणि त्या गावात पुन्हा शाळा कोण देणार? सहदेव मास्तर हे जाणून होते. माणूस बारीक, खोकला लागलेला, पण त्या पोरांसाठी जीव टाकायचा. आमचा छकडा पोचला तेव्हा ते साहेबांच्या छकड्याकडे बघत होते, माझ्याकडे बघून म्हणाले, धोंडूभाऊ, आज शाळा तुमच्या दादांच्या हातात आहे.

मला त्याच क्षणी वाटलं, मग गेली.

गणित झालं, पोरांनी चांगलं केलं. लिहिणं झालं. वाचन आलं. साहेब खुर्चीवर, दादा बाजूला. सगळ्या शाळेत शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचलेला एकच पोरगा होता, मिठागरवाल्याचा काळुराम. तो म्हणजे हाच, जो आत्ता उतरून घेतोय. लाजू नकोस रे, लिही. तेव्हा दहाएक वर्षांचा असशील, गुडघ्याला मीठ लागलेलं.

दादाने बाहेर बघितलं. हौसाबाई म्हणून एक बाई मिठागरावरून येत होती, डोक्यावर रिकामी टोपली. दादाने हात केला. मी डोक्याला हात लावला. साहेब समोर बसलेत, आजच्या दिवस तरी आपल्या मनाने ऐकावं ना. नाही. हौसाबाईला आणून बसवली. साहेबांनी भुवया वर केल्या, पण अडवलं नाही, त्यांना हेच बघायचं होतं.

आता काय झालं ते नीट ऐका. आम्हा कोणालाच एक गोष्ट सुचली नाही. त्या गावात कागद वाचला जायचा तो दोनच वेळा. एक म्हणजे सरकारी नोटीस आली की. दुसरं म्हणजे गलबतावर गेलेल्या कोणाची खबर आली की. पुस्तकातली गोष्ट म्हणून कोणी काही मोठ्याने वाचतं, हे हौसाबाईला ठाऊकच नव्हतं. आणि तिचा चांग्या, एकुलता एक, दसऱ्यानंतर गलबतावर गेलेला, तिने नको म्हटलेलं असताना. आता तिला सरकारी माणसाने हाताने बोलवून घेतलेलं, जवळ बसवलेलं, आणि एक पोरगा तिच्यासमोर कागद धरून उभा.

धडा निघाला तो गलबताचा. एक मुलगा आईचं न ऐकता समुद्रावर जातो, वादळ होतं, गलबत बुडतं, आई किनाऱ्यावर वाट बघत राहते.

काळुरामला सहदेव मास्तरांनी काय शिकवलेलं देव जाणे. त्याने वाचायला घेतलं ते बोलावं तसं. त्यांच्या बोलीचा हेल होता, साहेबांच्या कपाळाला आठी पडली ती मी बघितली. पण पोरगा वाचत होता ते हौसाबाईकडे बघून, जपून, जणू तिलाच सांगतोय. वादळ आलं तेव्हा आवाज उतरला. आईने हात धरलेला आणि त्याने सोडवून घेतला, तिथे तो थांबला. मी तो धडा मोजता येणार नाही इतक्यांदा ऐकलेला, माझा कान कधीच मेलेला. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की अरे, ते पोरगं बुडतंय.

हौसाबाई उठली. टोपली लांब फेकली. "माजा चांग्या गेला," म्हणाली आणि ऊर बडवायला लागली.

क्षणभर कोणाला कळेना. मग सगळी ओसरी रडायला लागली. पोरं रडतायत, आजूबाजूच्या बाया धावत आल्या, कोणी तिचे हात धरतंय, कोणी पाणी आणतंय. सहदेव मास्तर ओरडून सांगतायत, अगं हा धडा आहे, पुस्तकातला. ती म्हणते, कागदात हाय ना? काळुराम पांढरा फटक पडलेला. त्याला वाटलं आपणच चांग्याला बुडवलं. तिला पटवायला सगळ्यांचा घसा बसला. शेवटी दादाने पुस्तकावरचं चित्र दाखवलं, हे बघ, ह्या पोराच्या डोक्यावर टोपी बघ कसली, तुझा चांग्या असली टोपी घालतो का? तेव्हा ती गप्प झाली.

साहेब उठून उभे राहिलेले. म्हणाले, "हरिहरपंत, ही परीक्षा आहे की मयत?" मग काळुरामकडे वळून म्हणाले, तू परत वाच, नीट, शाळेतल्या मुलासारखं.

पोरगं इतकं भेदरलेलं की त्याने पुस्तक नाकाला लावलं आणि सुरू केलं. तोच सूर. एक अक्षर चुकलं नाही, एका दमात गलबत सुटलं आणि त्याच दमात बुडालं. साहेब खूश. म्हणाले, हां, आता स्वच्छ वाचलं. लिहा पास.

सहदेव मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. शाळा राहिली, बैल जोडू आणि घरी जाऊ. आणि तेवढ्यात आमचा दादा हौसाबाईकडे वळून विचारतो काय, "बाई, आता काय वाचलं त्याने?"

ती नाक पुसत म्हणाली, "आता कय नाय वाचला. आता शाला चाललीय."

दादा साहेबांना म्हणाला, ऐकलंत? पहिलं वाचन पास. हे दुसरं नापास.

साहेबांचा चेहरा लाल. ते म्हणाले, पहिलं मी ऐकलंच नाही असं समजा. ज्या परीक्षेत बाई ऊर बडवते ती मी कागदावर कशी घालू? दुसऱ्यावर पास लिहितो, शाळा राहते. तुम्हाला शाळा ठेवायची आहे की उठवायची?

सगळी ओसरी दादाकडे बघत होती. सहदेव मास्तरांनी नुसते हात जोडले. मी दारातून डोळ्यांनी सांगतोय, हो म्हण, मेल्या, हो म्हण.

दादा म्हणाला, "ठेवायची आहे. पण दुसऱ्यावर पास म्हटलंत तर हे मास्तर उद्यापासून दुसरंच शिकवतील. मग ठेवून काय करायची?"

असा माणूस. मग दोघांनी आपापलं लिहिलं. साहेबांनी लिहिलं, वाचन पास, स्वच्छ. दादाने खाली लिहिलं, पहिलं वाचन उत्तम, दुसरं नापास, पास पहिल्यावर. एक शाळा, दोघांनी पास केली, एकमेकांच्या उलट कारणाने. पण राहिली. आज पण भरते.

येताना मी म्हटलं, दादा, राहिली ना शाळा, मग तोंड कशाला पाडलंयस? तो म्हणाला, तुला कळायचं नाही. मी म्हटलं, मला खरं कळतं असं तूच म्हणतोस, सरकारला पण सांगतोस. तेव्हा हसला. तेवढाच. पुढच्या रविवारी मला पुन्हा तिकडे हाकायला लावलं, सहदेव मास्तरांना सांगायला की पहिलंच शिकवा, काही झालं तरी. ते एवढं सांगायला भरतीत चाक रुतवलं.

चांग्या शिमग्याच्या आधी धडधाकट परत आला. पण हौसाबाई तेव्हापासून हुशार झाली. गावात कोणी कागद घेऊन आलं की आधी विचारायची, यो परीक्षेचा का खरा? अख्ख्या गावात ती थट्टा झाली. लग्नाचा कागद आला तरी विचारायचे, परीक्षेचा का खरा? आम्ही घरी पण म्हणायला लागलो. दादा तर वहिनींनी पानात मीठ नाही वाढलं तरी म्हणायचा.

त्यानंतर साहेबांनी दादाची बदली केली, लांब खानदेशात. कारण लिहिलं नाही, पण आम्हाला ठाऊक. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून वहिनी इथेच राहिल्या. तो तिकडे एकटा. पत्रं पाठवायचा, त्यात पण तेच, इथल्या पोरांचा सूर तर कल्याणपेक्षा वाईट आहे, धोंड्या तू इथे पाहिजे होतास. मी कशाला? माझं काय तिकडे? इथे बैल कोण बघणार? असं मी म्हणायचो. तो सुट्टीला आला की दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी भांडण.

काळुराम मोठा झाला आणि इथे टपालात लागला. खेड्यांतून टपाल नेतो, वाचता न येणाऱ्यांना वाचून देतो. लोक त्याची वाट बघतात, कारण त्याने वाचलेलं कळतं. पण त्याची एक खोड आहे. वाचायच्या आधी माणसाला म्हणतो, आधी खाली बसा. कशामुळे ते मला ठाऊक आहे.

भाद्रपदात तो आमच्याकडे आला. मी गोठ्यात होतो. हातात कागद. म्हणाला, काका, खाली बसा. मी म्हटलं, शेणात बसू? वाच तू. उभ्यानेच ऐकतो.

त्याने वाचलं. आणि वाचलं कसं, कागद नाकाला लावून, सगळं एका दमात, तोच सूर, पाढ्यांचा. मी पेंढ्या सोडतच होतो. वाचून झालं, मी म्हटलं, बरं. दादाचं काहीतरी आहे एवढं कळलं, नाव ऐकू आलेलं.

वहिनी मागच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भावोजी, काय वाचलं?"

मला सांगता येईना. जन्मभर मला हेच विचारलं जायचं आणि मला सांगता येईना. मी काळुरामवर खेकसलो. म्हटलं, टपालात लागलास म्हणून शेफारलास काय? दादाने तुझ्यासाठी स्वतःची नोकरी वाऱ्यावर टाकली ती असलं वाचायला? हे नापास आहे. नीट वाच.

तो म्हणाला, "काका, नका सांगू नीट वाचायला."

मी म्हटलं, वाच.

मग त्याने कागद खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि वाचला. दादाच्या तापाचं होतं तिथे हळू वाचलं, शेवटच्या दिवसाचं होतं तिथे आणखी हळू. जिथे थांबायचं तिथे थांबला. वहिनी उंबऱ्यावरच बसल्या. त्यांना माझ्याआधी कळलेलं.

मी पेंढी हातात धरून उभा होतो. मी विचारलं, "काळुराम, हा परीक्षेचा का खरा?"